या ठिकाणी ठळकराव

खरं नाव आधारकार्डावर असेल, पण आमच्या गल्लीत त्याला कुणी त्या नावानं हाक मारत नाही. रोज रात्री तो केबलवर येतो, हात जोडतो आणि म्हणतो, "नमस्कार, पाहूया शहरातल्या ठळक घडामोडी." म्हणून ठळकराव. चाळिशी ओलांडलेली, आवाज खर्जातला, अंगात कायम तोच निळा ब्लेझर. केस पुढून काळे, मागून पांढरे, कारण मागची बाजू कॅमेऱ्यात येत नाही. चॅनेलचं नाव सांगत नाही. हे छापून येईपर्यंत ते बदललेलं असेल. मालक बदलला की नाव बदलतं, मालकाचा पक्ष बदलला की बदलतं, आणि मधल्या काळात मालकीणबाईंना कुणी अंकशास्त्रवाला भेटला तरी बदलतं. ठळकराव मात्र तोच राहतो.

मोठ्या चॅनेलात बातमी आणणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा. इथे सगळे मिळून ठळकराव. सकाळी अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूमला फोन लावून झाडपडी विचारायची, अकराला महापालिकेत जाऊन कुणाचा तरी बाइट घ्यायचा, दुपारी एखाद्या मोर्चात बूम पुढे करायचा, संध्याकाळी ते सगळं स्वतःच कापायचं-जोडायचं आणि रात्री तोंडाला पावडर फासून वाचायचं. तरी प्रत्येक बातमीच्या शेवटी "कॅमेरामनसह मी" असं म्हणायचं तो सोडत नाही. कॅमेरामन म्हणजे ट्रायपॉडवर लावलेला मोबाइल.

स्टुडिओ नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका. ठळकराव 'खळबळ' हा शब्द उच्चारतो तेव्हा भिंतीपलीकडून "हळू!" अशी हाक येते. मात्र परीक्षा पुढे ढकलली गेली की हीच मुलं जिन्यात उभी करून तो 'विद्यार्थ्यांमध्ये संतापाची लाट' चित्रित करतो. लाट पाच जणांची असते. सहावा चहा आणायला गेलेला असतो.

स्टुडिओत हिरवा पडदा आहे आणि पडद्यावर संगणकाच्या कृपेनं शनिवारवाडा उभा राहतो. एका पाडव्याला सासुरवाडीकडून आलेला हिरवा कुर्ता घालून ठळकराव बातम्यांना बसला. हिरवं ते सगळं शनिवारवाडा, हा त्या यंत्राचा साधा नियम. त्या रात्री पुण्यानं पाहिलं की दिल्ली दरवाजाच्या मधोमध एक मुंडकं अधांतरी लोंबकळतंय आणि मिळकतकराच्या सवलतीची मुदत सांगतंय. पहिला फोन सदाशिव पेठेतून आला. "नारायणराव पेशव्यांना 1773 पासून कुणी वाचवायला आलं नाही हे खरं, पण म्हणून त्यांना कर भरायला लावू नका."

ब्लेझरच्या खाली तो बर्म्युडा घालतो. कुणी हसलं की लगेच दाखला देतो: स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, आणि त्या पुण्याच्याच होत्या. दाखला खरा आहे. फक्त त्यानंतर त्या 'भूमिका' करायला गेल्या आणि ठळकराव त्याच बर्म्युडात कोथिंबीर आणायला जातो.

त्याच्या आयुष्यात भिडे दोन. एक प्रदीप भिडे, दुसरा बाबा भिडे पूल.

मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून त्याची चित्रं पुण्यात दिसायला लागली. ठळकरावाच्या लहानपणी घरात मराठी बातम्या म्हणजे प्रदीप भिडे. सरकार पडो की सामना जिंको, त्यांचा स्वर होता तिथेच असायचा. हा पोरगा आरशासमोर वर्तमानपत्र धरून तसं वाचायचा. जून 2022 मध्ये भिडे गेले तेव्हा ठळकरावानं अख्खं बातमीपत्र त्यांच्यावर केलं आणि साड्यांच्या सेलची जाहिरात वगळली म्हणून मालकाचं बोलणं खाल्लं. एवढी भक्ती. पण भिड्यांकडून त्यानं घेतलं काय, तर भांग आणि नमस्कार. आवाज न चढवता बातमी सांगता येते, हे घ्यायचं राहून गेलं.

त्याची आई तर त्याहून मागची. तिचं घड्याळ आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांवर चालायचं आणि तिच्या लेखी बातम्या देणाऱ्या बाई एकच, सुधा नरवणे. "त्या बाई बातमी सांगून गप्प बसायच्या," ती म्हणते, "तू सांगून झाल्यावरही सांगत बसतोस." सुधाताईंचा मुलगा पुढे लष्करप्रमुख झाला, हेही ती अधूनमधून ऐकवते. ती माहिती नसते, टोमणा असतो.

दुसरा भिडे पावसाळ्यातला. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरचा हा बुटका पूल आधी बुडतो. दर वर्षी बुडतो आणि दर वर्षी ठळकराव तिथे छत्री घेऊन हजर असतो. "आपण पाहू शकता, या ठिकाणी भिडे पूल जो आहे, तो पाण्याखाली जाण्याचं काम या ठिकाणी सुरू आहे." मागून जाणारे एक आजोबा थांबले. "काम सुरू आहे म्हणजे? टेंडर निघालं का?" हे थेट प्रक्षेपणात गेलं. ठळकरावाच्या बातमीत पाऊस नुसता पडत नाही, 'पावसाची जी हजेरी आहे ती लागताना आपल्याला पाहायला मिळते'. बस बंद पडत नाही, 'पीएमपीची बस जी आहे ती बंद पडलेली असल्याचं चित्र' असतं. शुक्रवार पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका रोज बातम्या संपल्या की फोन करून त्याची वाक्यं दुरुस्त करतात. तो निमूट ऐकून घेतो, "हो बाई, चुकलं बाई" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'या ठिकाणी'वर येतो. बाईही सोडत नाहीत. माझा अंदाज असा की दोघांनाही सवय झाली आहे.

प्रसारणाच्या इतिहासाला 2 ऑक्टोबर ही तारीख का चिकटली कोण जाणे. आकाशवाणीचं पुणे केंद्र 1953 साली याच तारखेला सुरू झालं, मुंबई दूरदर्शन 1972 साली याच तारखेला, आणि 2022 साली याच तारखेला रात्री एकच्या सुमारास चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी उडवला गेला. सहाशे किलो स्फोटकं, रस्ते बंद, सगळ्या चॅनेलांच्या ओबी व्हॅन रांगेनं उभ्या. आमचा ठळकराव त्यांच्यामध्ये ट्रायपॉड रोवून. स्फोट झाला, धूळ उडाली आणि त्यानं जाहीर केलं, "चांदणी चौकातला पूल आता इतिहासजमा झालेला आहे!" धूळ बसली तर पुलाचा बराचसा भाग जागेवरच. उरलेला यंत्रं लावून पाडावा लागला. ठळकराव अडखळला नाही. "इतिहासजमा होण्याची जी प्रक्रिया आहे, ती या ठिकाणी सुरू आहे." गंमत पुढेच आहे. मी घरी रिमोट दाबत बसलो होतो. मुंबई-दिल्लीचे भारी निवेदकही तेच करत होते. तोच उलट्या आकडेमोजणीचा थरार, मागे तसंच ढणढण संगीत, आणि पूल उभा दिसत असताना तशीच सारवासारव. ठळकरावाला वाटतं की आपण मोठ्यांची नक्कल करतो. मला त्या रात्री उलटं वाटलं.

गणपतीत त्याचा खरा हंगाम. विसर्जनाच्या दिवशी अलका टॉकीजच्या चौकात बसून तो मिरवणुकीचं धावतं वर्णन करतो. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा मानाच्या पाचांचा क्रम त्याला झोपेत विचारा. मिरवणूक दिवस उलटून गेला तरी संपत नाही, म्हणून घसाही पुरवून वापरावा लागतो. पहाटे दगडूशेठचा रथ येईल तेव्हासाठी तो वरची पट्टी राखून ठेवायचा, दुपारभर खडीसाखर चघळत नुसती कुजबुज. 2023 साली दगडूशेठ मंडळानं वेळ बदलली आणि बाप्पा दुपारी चारलाच निघाले. ठळकरावाचा राखीव आवाज तेव्हा खडीसाखरेखाली होता. त्या वर्षी पुणेकरांनी दगडूशेठचं विसर्जन कुजबुजत्या स्वरात पाहिलं, आणि बऱ्याच जणांनी कळवलं की पहिल्यांदाच ढोल नीट ऐकू आले.

पगाराचं विचारू नये. तो सांगत नाही आणि बहुधा मालक देतही नाही. चूल चालते ती सूत्रसंचालनावर. लग्नाचा स्वागत समारंभ, सोसायटीची कोजागिरी, ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन. कधी श्रद्धांजली सभाही असते. तिथे त्यानं एकदा सवयीनं "घेऊया एक छोटासा ब्रेक" म्हटलं आणि कुटुंबीयांसकट सगळे चहाला उठले. चॅनेलचा आधार म्हणजे नगरसेवकांचे वाढदिवस. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आले, आणि अधिकारी काही केबलवर वाढदिवस साजरे करत नाहीत. पट्टीवर आधी 'माजी' आले, मग 'इच्छुक', मग 'भावी'. भावींची संख्या जागांच्या कितीतरी पट. ठळकराव म्हणतो, त्या काळात लोकशाही नसली तरी धंदा बरा झाला.

त्याआधी एक मोठा घाव बसून गेला होता. केबलच्या डिजिटायझेशनमध्ये पुणं दुसऱ्या टप्प्यात आलं, मुदत होती 31 मार्च 2013. तोपर्यंत रिमोटवर अंगठा सरकता सरकता ठळकराव आपोआप लागायचा. दोन मालिकांच्या मध्ये त्याला टाळून जाणं अशक्यच. सेट-टॉप बॉक्स आले आणि तो कुणाच्या लक्षात न राहणाऱ्या क्रमांकावर जाऊन पडला. आता तो बातम्यांचे तुकडे मोबाइलवर टाकतो. तिथे त्याला सर्वाधिक प्रेक्षक मिळाले ते मुंडक्याच्या रात्रीला.

घरी वहिनींचं आयुष्य सोपं नाही. तो जेवताना "आमटीत मीठ नेमकं का कमी पडलं, याला जबाबदार कोण" असं विचारतो. वहिनी उत्तर देतात, "संपर्क होऊ शकला नाही."

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी हसतोही. पण 25 जुलै 2024 ची पहाट मला विसरता येत नाही. खडकवासल्याचा विसर्ग 35 हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. आधी नीट सूचना मिळाली नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. त्या सकाळी ठळकराव दिसला तो ब्लेझरशिवाय. गुडघ्याच्या वर पाण्यात, आणि तोंडी एकदाही 'आपण पाहू शकता' नाही. कोणती सोसायटी, कोणत्या गल्लीत बोट पोचली, कुठे अजून पोचायची आहे, पाणी किती वाढणार, नदीकडेच्या पार्किंगमधून गाड्या कधीपर्यंत काढायच्या. छोटी वाक्यं, नावं, आकडे. शुक्रवार पेठेतल्या बाईंचा त्या रात्री फोन आला नाही. चार दिवसांनी पौड फाट्यावर जलवाहिनी फुटली तेव्हा तो पुन्हा 'जलप्रलय' म्हणाला आणि बाईंचा फोनही पुन्हा आला.

माझं मत विचाराल तर ठळकरावाला मोठ्या बातम्या देऊच नयेत. त्या द्यायला माणसं खूप आहेत आणि ती सगळी ओरडतात. त्याचा हात बसलाय तो लहान बातमीवर. बातमीपत्राच्या शेवटी तो पाणीबंदचं पत्रक वाचतो: पर्वती जलकेंद्र, वडगाव जलकेंद्र, लष्कर जलकेंद्र, आणि त्यांच्या हद्दीतल्या पेठा, वसाहती, गल्ल्या, सोसायट्या एकेक करून. त्यात ओरडण्यासारखं काही नसतं, म्हणून तो ओरडत नाही. तेवढा वेळ त्याचा स्वर खरोखरच प्रदीप भिड्यांच्या जवळ जातो, आणि ते त्याला ठाऊक नाही. सांगूही नका, लगेच बिघडेल.

तुम्ही पुण्यात नवीन असाल तर बाकीच्या बातम्या कुठेही पाहा. पाण्याची मात्र त्याच्याकडे पाहा. दुरुस्तीसाठी पाणी बहुतेक वेळा गुरुवारी बंद असतं, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबानं येतं. बुधवारीच भरून ठेवा.