ऑस्ट्रेलिया ओलांडणे: सामानासह आणि सामानाविना

ऑस्ट्रेलिया खंड आरपार ओलांडण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी सुरू केला, असे बराच काळ शिकवले गेले. वस्तुतः तिथले मूळ रहिवासी ५० हजारांहून अधिक वर्षे हा मुलूख पायाखाली घालत होते. वायव्येच्या किम्बर्ली किनाऱ्यावरचे मोत्यांचे शिंपले हातोहाती दक्षिणेपर्यंत पोहोचत. मात्र या कामासाठी कोणी समिती नेमली नव्हती की निरोपसमारंभ केला नव्हता, त्यामुळे इतिहासात त्याची ‘मोहीम’ म्हणून नोंद झाली नाही.

समित्यांचे युग एका तर्काने सुरू झाले. आग्नेय भागातल्या काही नद्या समुद्राकडे न जाता आत, पश्चिमेकडे वाहतात. म्हणजे खंडाच्या पोटात समुद्र असलाच पाहिजे. चार्ल्स स्टर्ट १८४४ मध्ये ॲडलेडहून निघाला तो २०० मेंढ्या आणि एक बोट घेऊन. पुढे उन्हाळ्याने सगळे पाणवठे आटवले आणि शेवटच्या डबक्यापाशी हा काफिला जवळजवळ सहा महिने अडकून पडला. मेंढ्या खाण्याच्या कामी आल्या. बोटीला मात्र शेवटपर्यंत पाणी भेटले नाही. समुद्र होता, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी. स्टर्टला निघायला थोडा उशीर झाला, इतकेच.

एडवर्ड एअरने आडवा मार्ग धरला. १८४० मध्ये उत्तरेकडे जाताना खारट दलदलींनी त्याची वाट अडवली, तेव्हा तिथल्या टेकडीला त्याने ‘माउंट होपलेस’, म्हणजे ‘निराशेचा डोंगर’, असे नाव ठेवले आणि मोर्चा पश्चिमेकडे वळवला. १८४१ मध्ये नलारबॉर पठाराच्या कडेने तो ऑल्बनीला पोहोचला. वाळूच्या टेकाडांमागे खणले की पाणी लागते हे त्याला मूळ रहिवाशांनी दाखवले. जिथे तेही नव्हते तिथे तो पहाटे पानांवरचे दव स्पंजने टिपून पीत असे. प्रवासात त्याचा सहकारी बॅक्स्टर मारला गेला. वायली या आदिवासी तरुणाने मात्र त्याला शेवटपर्यंत सोबत केली. वाटेत नांगरलेल्या एका फ्रेंच व्हेलमाऱ्या जहाजाने दोघांना पोटभर जेवू घातले. या मार्गाने गुरे हाकून नेणे शक्य नाही, हा निष्कर्ष एवढे चालून मिळाला.

यातून मेलबर्नकरांनी घेतलेला धडा असा, की सामान कमी पडले. सोन्याच्या खाणींमुळे व्हिक्टोरिया वसाहतीकडे पैसा होता. १८६० मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीने दक्षिणोत्तर मोहीम काढली आणि प्रमुख म्हणून रॉबर्ट ओहारा बर्क या पोलीस अधिकाऱ्याची निवड केली. शोधप्रवासाचा अनुभव त्याच्या गाठीशी अजिबात नव्हता, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलणारे कोणी सापडले नसावे. जॉर्ज लँडेल्सने हिंदुस्थानातून दोन डझन उंट आणले. ते कराची बंदरातून निघाले, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने मुंबई इलाख्यातून. आणखी सहा उंट मेलबर्नच्या एका मनोरंजन बागेतून घेतले. त्यांना वाळवंटाचा नव्हे, प्रेक्षकांचा सराव होता.

२० ऑगस्ट १८६० रोजी रॉयल पार्कमधून १९ माणसे, जमवलेल्यांपैकी २६ उंट, २३ घोडे आणि सुमारे २० टन सामान निघाले. दोन वर्षांचा शिधा, शोभेचे बाण, बडवायची चिनी थाळी, ओक लाकडाचे जेवणाचे मेज आणि खुर्च्या. एखादे वऱ्हाड निघावे असा थाट होता. उंटांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून ६० गॅलन रमही होती. हजारो लोक निरोपाला जमले. एक गाडी बागेच्या आतच मोडली आणि पहिल्या रात्री मोहीम पोहोचली ती शहराच्या वेशीपर्यंत. उंटांच्या वासाने घोडे बिथरत, म्हणून दोघांना वेगवेगळे चालवावे लागे. टपालगाडी मेनिंडी या गावापर्यंतचे जे अंतर आठवड्याभरात कापत असे, त्याला या मोहिमेला जवळजवळ दोन महिने लागले. तिथे मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या मजुरांनी उंटांच्या रमवर हात मारला. बर्कने रम मागे ठेवायचा हुकूम सोडला आणि लँडेल्सने राजीनामा दिला. उंटांचे मत कोणी विचारले नाही.

सामान मागे टाकत टाकत बर्कने कूपर्स क्रीक या ओढ्याकाठी तळ ठोकला. तिथून १६ डिसेंबरला, काही माणसे तळावर वाट पाहायला ठेवून, तो विल्यम विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे यांना घेऊन उत्तरेकडे निघाला. फेब्रुवारी १८६१ मध्ये ते कार्पेंटेरियाच्या आखाताजवळ पोहोचले. पाणी खारट होते, भरती-ओहोटी जाणवत होती, पण मध्ये खारफुटी आणि चिखल. खंड ओलांडला, समुद्र दिसला नाही.

परतताना ग्रे वारला. त्याला पुरण्यात थकलेल्या तिघांचा एक दिवस गेला. २१ एप्रिलच्या संध्याकाळी ते तळावर पोहोचले तेव्हा तळ रिकामा होता. ठरल्यापेक्षा महिनाभर जास्त वाट पाहून तिथली माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. झाडावर ‘खणा’ अशी खूण कोरून त्यांनी खाली शिधा पुरला होता. तिघांनी तो काढला, चिठ्ठी ठेवून खड्डा पूर्ववत बुजवला, पण झाडावर नवी खूण केली नाही. काही दिवसांनी तळाचा प्रमुख शंका येऊन परतला, त्याने जशीच्या तशी जागा पाहिली आणि पुन्हा निघून गेला. दरम्यान बर्कने जवळच्या वस्तीचा म्हणून जो रस्ता धरला होता, तो एअरच्या निराशेच्या डोंगराकडून जात होता. इथे नावावर विश्वास ठेवला असता तर बरे झाले असते.

त्याच ओढ्याकाठी यांड्रुवांधा लोक सुखाने राहत होते. त्यांनी पाहुण्यांना मासे आणि नार्दू नावाच्या वनस्पतीच्या भाकरी दिल्या. बर्कने त्यांना दूर ठेवण्यासाठी बंदूक झाडली. मग पाहुण्यांनी नार्दू स्वतःच कुटून खाल्ले. पण ते नीट तयार केले नाही तर शरीरातले ब जीवनसत्त्व नष्ट करते. भरल्या पोटी उपासमार झाली आणि जूनच्या अखेरीस विल्स व बर्क दोघेही मरण पावले. किंग यांड्रुवांधांकडे जाऊन राहिला. सप्टेंबरमध्ये शोधपथकाला तो जिवंत सापडला.

त्याच सुमारास खंड ओलांडू पाहणाऱ्या जॉन मॅकडुआल स्टुअर्टची पद्धत उलट होती. १८६० मध्ये तो दोन साथीदार आणि १३ घोड्यांनिशी खंडाच्या मध्यापर्यंत जाऊन आला. २४ जुलै १८६२ रोजी त्याने उत्तरेचा समुद्र गाठून त्यात हातपाय धुतले. परतीत त्याला दोन घोड्यांच्या मध्ये झोळी बांधून आणावे लागले, पण त्याने एकही माणूस गमावला नाही. २१ जानेवारी १८६३ रोजी ॲडलेडमध्ये त्याचा सत्कार झाला. नेमक्या त्याच दिवशी मेलबर्नमध्ये बर्क आणि विल्स यांची अंत्ययात्रा निघाली आणि तिला गर्दी अधिक होती. १८६५ मध्ये त्या दोघांचा पुतळाही उभा राहिला. नंतर तो शहरात अनेकदा हलवावा लागला आणि २०१७ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी उचलला गेला. पुतळ्याने मोहीम अशी चालू ठेवली.

स्टुअर्टच्या वाटेने १८७२ मध्ये सुमारे ३,२०० किलोमीटरची तार ओढली गेली. लाकडी खांबांचा वाळवीने समाचार घेतला, तरी लंडनची बातमी महिन्यांऐवजी तासांत येऊ लागली. सामान वाहायला सिंध, बलुचिस्तान, पंजाब आणि अफगाणिस्तानातून उंट हाकणारे सारवान आणले गेले. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले आणि त्यावरूनच ‘घान’ या रेल्वेगाडीला नाव मिळाले. ती १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचली. वर्षानुवर्षे कोरड्या नद्यांवरून रूळ टाकल्यामुळे ज्या वर्षी नदीला पाणी येई त्या वर्षी गाडी येत नसे. पुढे डार्विन गाठायला तिला २००४ साल उजाडले. दरम्यान मोटारी आल्या, उंट मोकाट सुटले आणि लाखोंनी वाढले. २००९ च्या दुष्काळात हजारो तहानलेल्या उंटांनी डॉकर रिव्हर या काहीशे वस्तीच्या गावाला वेढा घालून नळ आणि टाक्या मोडल्या. एवढ्या वर्षांत वाळवंटाशी जमवून घेणारी आयात बहुधा हीच.

आज डार्विन ते पोर्ट ऑगस्टा हा रस्ता स्टुअर्टच्या नावाचा आहे, तर नलारबॉरवरचा रस्ता एअरच्या. गुरे नेणे अशक्य ठरवलेल्या त्या वाटेने आता मालाचे अजस्र ट्रक धावतात. एका टप्प्यात हा रस्ता १४६.६ किलोमीटर एकही वळण घेत नाही. चालकाला झोप येऊ नये म्हणून याच महामार्गावर १८ खळग्यांचे गोल्फ मैदान आहे; त्याची लांबी १,३६५ किलोमीटर. वाटेत यूक्ला परिसरात घड्याळ पाऊण तासाने बदलते. फळमाशी पसरू नये म्हणून राज्यांच्या तपासणी नाक्यांवर फळे आणि भाज्या काढून घेतल्या जातात, त्यामुळे नाक्याच्या अलीकडे गाड्या थांबवून केळी संपवणारी कुटुंबे नेहमी दिसतात. जास्तीचे सामान घेऊन हा खंड ओलांडता येत नाही, हा बर्कला उमगलेला नियम आता सरकारनेच लागू केला आहे.