मोजक्याच माणसांत

महाराष्ट्रात मोजक्या माणसांची लग्नं फारशी होत नाहीत, आणि झालीच तर सरकारी आदेशाने होतात. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती. मोडली तर पन्नास हजार रुपये दंड. त्या दिवसांत मुलींची लग्नं उरकणाऱ्या बापांच्या चेहऱ्यावरचं समाधान मास्कमुळे दिसलं नाही, एवढंच. आता तसला कुठलाही आदेश नसताना आमच्या पुतणीने चाळीस माणसांत लग्न करायचं ठरवलं आहे. साधं, घरगुती आणि ‘आम्हा दोघांची पार्श्वभूमी दिसेल असं’.

पार्श्वभूमी म्हणाल तर पुतणी सांगलीकडची आणि मुलगा पालक्काडचा. म्हणजे त्याचे वडील पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला आले ते पालक्काडहून. मुलगा वाढला भोसरीत. त्याचं मराठी इतकं रोखठोक आहे की रिक्षावाले त्याला बघून आपणहून मीटर टाकतात. पुतणी इंग्रजी शाळेतली. ‘एकोणसाठ’ म्हणजे नक्की किती, हे ती अजून त्याला विचारते. दोघांची ओळख झाली ती हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, वाकडच्या पुलाजवळ. तिथे बस थांबली की शेजारच्याशी ओळख करून घेण्याशिवाय दुसरा उद्योग उरत नाही.

पण वाकडचा पूल ही पार्श्वभूमी लग्नपत्रिकेवर शोभत नाही. म्हणून मुलगा सध्या रोज रात्री व्हिडिओ बघून मुंडू नेसायला शिकतोय आणि पुतणी दुसऱ्या व्हिडिओवरून उखाणे पाठ करतेय. ज्या कंपनीला ‘साधेपणा’चं कंत्राट दिलंय, तिने मुळशीकडे शेणाने सारवलेलं अंगण, कंदील आणि बैलगाडी देऊ केली आहे. पुतणीच्या आजोबांनी बैलगाडीतून ट्रॅक्टरवर यायला उभी हयात घालवली. बैलगाडीचं भाडं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “बैल परत द्यायचे का?”

तारखेचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. मल्याळी मंडळींचा लग्नाचा उत्तम महिना चिंगम, म्हणजे साधारण मध्य ऑगस्ट ते मध्य सप्टेंबर. नेमका आमचा चातुर्मास. तुळशीचं लग्न लागून आमचे मुहूर्त उघडतात, तर तिकडे वृश्चिक मास सुरू होतो आणि मुलाचे दोन्ही मामा शबरीमलेचं व्रत धरून बसतात. दोन्हीकडचे गुरुजी व्हॉट्सअ‍ॅपवर समोरासमोर आले, दोघांनी एकमेकांच्या पंचांगाला आदराने नमस्कार केला आणि दोघेही आपल्या जागेवरून हलले नाहीत. शेवटी हॉल ज्या दिवशी रिकामा होता, तो दिवस दोन्ही पंचांगांत शुभ निघाला.

हॉल कशाला, असं तुम्ही विचाराल. अंगण होतं की! अंगणात चाळीस मावतात. आता यादी पाहा. वहिनींनी कपाटातून आहेराची वही काढली. तीस वर्षांत कुणाच्या कार्याला काय दिलं, कुणी काय दिलं, स्टीलचा डबा की बंद पाकीट, सगळं तारीखवार. त्या वहीतली बाकी ज्यांच्याकडे निघते त्यांना बोलावलं नाही तर वसुली व्हायची कशी, आणि आपण ज्यांचं देणं लागतो त्यांना टाळलं तर तोंड कुठे दाखवायचं? पुतणीने पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापायचं म्हटलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “म्हणजे सरसकट कर्जमाफी? आणि आम्ही भरत होतो ते?” मुलाच्या आईकडे वही नाही. पण कारखान्यातली, देवळातली आणि ओणमला एकत्र जेवणारी माणसं त्यांना तोंडपाठ आहेत. चाळिसाला पुढे एक शून्य लागून यादी सध्या थांबली आहे.

वाद्यांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे पूर्ण एकमत झालं: वाद्यं हवीतच. त्यांना चेंडा हवा, पुतणीच्या भावांना ढोल-ताशा. पथकवाल्यांनी सांगितलं, पन्नासाच्या खाली आम्ही येत नाही, ताल भरत नाही. म्हणजे मूळ बेतातल्या पाहुण्यांपेक्षा ढोल जास्त. जेवणाचंही तसंच. पानावर सद्या असणार. अवियल, ओलन, काळन, पायसम आणि बाकीचे वीसेक पदार्थ. त्याच पानावर मसालेभात, अळूची भाजी आणि जिलबीला जागा करायची आहे. आमच्या आत्याने खोबरेल तेलातल्या भाज्यांची माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि पाहुण्यांच्या डोक्यासाठी वेगळं तेल आणायला लागेल का, असं विचारलं.

आमचे एक काका पुरोगामी. त्यांच्यावर मुलांची मोठी भिस्त होती. “२५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय, कमी खर्चात. दीडशे वर्षं झाली, तुम्ही अजून बैलगाडीत!” असं ते बैठकीत गरजले. मुलं टाळ्या वाजवणार तोच काकांनी खिशातून घडी केलेले कागद काढले. स्वतः रचलेली मंगलाष्टकं. आठ नव्हती, चौदा होती. “जोतीरावांनी १८८७ मध्ये सत्यशोधक मंगलाष्टकांचं पुस्तकच काढलं होतं,” ते म्हणाले. “परंपरा आहे.” मल्याळी वरपक्ष हवालदिल झाला. त्यांच्याकडे ताली बांधून, पुडवा देऊन दहा-पंधरा मिनिटांत लग्न लागतं आणि माणसं पानावर बसतात. आता ते चौदा कडवी उभ्याने ऐकणार आहेत, हातात अक्षता धरून, नक्की कधी टाकायच्या ते न कळता.

या सगळ्यात खरोखर छोटी गोष्ट एकच उरली आहे: १९५४ चा विशेष विवाह कायदा. नोटीस द्या, तीस दिवस थांबा, अधिकाऱ्यासमोर एकमेकांना एक वाक्य म्हणा, तीन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एवढंच. लग्न कोणत्याही पद्धतीने लावा, कायद्याची ना नाही. मुलांनी नोटीस दिली आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागली. घरात ‘तीन साक्षीदार’ हे शब्द फुटले त्या संध्याकाळपासून बैलगाडी, ढोल, तेल सगळं मागे पडलंय. तीन जागा, दोन घरं, भाग जात नाही. एक सही मुलाच्या थोरल्या मामांची, त्यावर वाद नाही. दुसरी आमच्या मामांची, नाहीतर ते अंतरपाट धरणार नाहीत. तिसऱ्या जागेसाठी पुरोगामी काका, मुलाची मावशी आणि आमची आत्या असे तीन उमेदवार होते. मावशी जिंकल्या.

आत्या दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने आमच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला. नोटिशीवर तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं हे खरं का? खरं. ती हरकत सरकारी वहीत लिहून घेतात आणि खाली हरकत घेणाऱ्याची सही घेतात, हे खरं का? तेही खरं. वकिलांनी घाईने बजावलं, की उगाच घेतलेल्या हरकतीबद्दल अधिकारी हजार रुपयांपर्यंत खर्च बसवू शकतात, आणि ती रक्कम वधूवरांना देता येते.

“हजारच ना?” आत्या म्हणाली. “आहेर तेवढाच करणार होते.”