इतिहासाला फाटा कुठे फोडायचा?

हेग, नेदरलँड्स

ती. बाबा आणि ती. आई यांस शि. सा. न. वि. वि.

परवाच्या व्हिडिओ कॉलवर बाबांनी ‘नातू काय करतोय?’ म्हणून विचारले, आणि तुमच्या चिरंजीवांनी ‘जर्मनी कुणाला द्यायचा ते ठरवतोय’ एवढेच सांगून फोन ठेवला. त्यानंतर तिकडे तुमच्या घरी, जुनवानीत, बरीच घालमेल झाल्याचे वन्संकडून कळले. म्हणून हे खुलाशाचे पत्र. पत्र साऱ्या घराच्या वतीने असल्यामुळे त्यात ‘मी’ कुणीच नाही. लिहिणारीचा उल्लेखही ‘सूनबाई’ असाच येईल.

धाकट्या नातवाच्या वर्गातली मुले मिळून एक खेळ मांडत आहेत. प्रत्येकाने एक देश घ्यायचा, तिथला राजा किंवा पंतप्रधान होऊन एकमेकांना खलिते धाडायचे, तह करायचे, सोयीने मोडायचे, आणि महायुद्धाआधीचा युरोप खऱ्या इतिहासापेक्षा निराळ्या वाटेने न्यायचा. कल्पना नवी नाही. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थाने 1959 मध्ये ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ बाजारात आणला. त्यात सात सत्ता असतात, फासे नसतात आणि डाव 1901 च्या वसंतात सुरू होतो. जिंकायचे ते गोड बोलून आणि वेळेवर शब्द फिरवून. आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकांसारखाच हा प्रकार असल्याने मराठी मुलाला तो जड जाऊ नये, असे चिरंजीवांचे मत पडले.

पण गाडी पहिल्याच प्रश्नावर अडली. सुरुवात कोणत्या सालापासून?

1901 म्हटल्याबरोबर पोलिश मैत्रीण रुसली. 1795 ते 1918 या काळात पोलंड नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. मग तिने काय नुसते बघत बसायचे? तुर्की मित्राला उस्मानी साम्राज्य हवे होते, पण ‘युरोपचा आजारी माणूस’ म्हणवून घ्यायची तयारी नव्हती. डच मुलाने जाहीर केले की त्याचा देश पहिल्या महायुद्धात तटस्थ होता, तेव्हा तो खाऊ आणील आणि भांडणे मिटवील. नातवाने हिंदुस्थान मागितला, तर ‘तू इंग्लंडच्या खात्यात’ असे उत्तर आले. हे त्याच्या जिव्हारी लागले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली होती, हे त्याने सगळ्यांना ठणकावून सांगितले आणि रागारागात अख्खे इंग्लंडच घेतले. लंडन हाती आले की पहिल्याच खलित्यात स्वराज्य देऊन टाकायचे, असा त्याचा बेत आहे. बाबांनी तो कुठे फोडू नये.

मग सल्ले सुरू झाले. थोरल्या नातवाने संगणकावरच्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न 4’ या स्वीडिश खेळाचा दाखला दिला. तो 1 जानेवारी 1936 पासून खेळता येतो किंवा 14 ऑगस्ट 1939 पासून. दुसरी तारीख म्हणजे पोलंडवरच्या हल्ल्याला जेमतेम अडीच आठवडे उरलेले. पोलिश मैत्रिणीने त्याच्याशी बोलणे सोडले. 1936 मात्र विचार करण्यासारखे होते. त्या वर्षी 7 मार्चला हिटलरने, फौजेला मनाई असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये फौज घुसवली. फ्रेंच सैन्य पुढे आले तर मागे फिरायचे, असा त्या फौजेला हुकूम होता. फ्रेंच आलेच नाहीत. इथे फाटा फोडायला जागा आहे, पण तोवर एकट्या जर्मनीनेच डाव हाती घेतलेला असतो आणि बाकीच्यांनी नुसते निषेधाचे कागद लिहायचे. मुलांना ते गृहपाठासारखे वाटले.

‘हिटलरला व्हिएन्नाच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला असता तर?’ हा प्रश्न इथे ज्याला त्याला आपल्यालाच सुचला असे वाटते. 1907 च्या परीक्षेत त्याची चित्रे नापसंत ठरली. त्यांत माणसांची डोकी कमी आहेत, असा शेरा पडला होता. समजा, त्याने चार डोकी जास्त काढली. तरी व्हर्सायचा तह होतोच, 1929 ची मंदी येतेच आणि 1932 मधले जर्मनीतले साठ लाख बेकार रस्त्यावर उतरतातच. त्यांच्यापुढे भाषण ठोकायला दुसरा कुणी उभा राहिला नसता, याची हमी कोण देणार?

सारायेव्होचेही तेच. 28 जून 1914 ला सकाळी ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर फेकलेला बॉम्ब चुकला. पुढचा रस्ता बदलायचे ठरले, पण हे ड्रायव्हरला सांगायचेच राहिले. तो जुन्याच रस्त्याला वळला, मागून ओरडा झाला, गाडी थांबली, आणि थांबली ती नेमकी मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिपपुढे. (तो तिथे सँडविच खात होता, ही मागाहून चिकटवलेली भाकडकथा.) ड्रायव्हर सरळ गेला असता तर राजपुत्र त्या दिवशी वाचला असता. पण मोरोक्कोवरून 1905 आणि 1911 मध्ये, बोस्नियावरून 1908 मध्ये आणि बाल्कन युद्धांत 1912-13 मध्ये युरोप असाच काठावरून परतला होता. पाचव्यांदाही परतला असता की नाही, यावर इतिहासकारांचे आजही जमत नाही.

बाबांचे लाडके 1761 मुलांपुढे इमानाने मांडण्यात आले. युरोपच्या खेळाची सुरुवात पानिपतापासून करावी, ही सूचना त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. वाया मात्र ती गेली नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ कथेत विश्वासरावांना लागायची गोळी चुकते आणि मराठे जिंकतात. वन्संच्या मुलाला हीच कथा अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ नावाने होती. त्यात बदल घडतो 1761 मध्ये, पण गंगाधरपंत वावरतात ते विसाव्या शतकातल्या मुंबईत. सूनबाईने मुलांना एवढेच दाखवून दिले: इतिहासाला फाटा फुटतो ती तारीख वेगळी ठेवा आणि डाव सुरू होतो ती वेगळी. अर्धे भांडण तिथेच मिटले.

चिरंजीवांचा हट्ट 8 जुलै 1910 चा. त्या दिवशी सावरकरांनी मार्सेलिसला ‘मोरिया’ बोटीतून उडी घेऊन किनारा गाठला, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केले. फ्रान्सने हरकत घेतली आणि प्रकरण इथे, हेगच्या लवाद न्यायालयात आले. 24 फेब्रुवारी 1911 च्या निकालाचे सार असे, की हवाली करण्यात चूक झाली, पण कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. चिरंजीव येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना पीस पॅलेसकडे बोट दाखवून ‘इथेच तो खटला चालला’ असे सांगत असतात. ती इमारत उघडली 28 ऑगस्ट 1913 ला, हे सूनबाई पाहुणे गेल्यावर सांगते. पोलादाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या बाबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्या शांतिमहालाचे पंधरा लाख डॉलर अँड्र्यू कार्नेगीने दिले, आणि ते आले होते पोलादातून. उद्घाटनाला वर्षही झाले नव्हते, तोच महायुद्ध पेटले. मार्सेलिसचा प्रसंग फ्रान्सच्या खेळाडूने खेळात घ्यायचे कबूल केले आहे. सुरुवात म्हणून मात्र त्याला मते पडली नाहीत.

निकाल लागला तो डोर्नला. कैसर दुसरा विल्हेल्म 1918 मध्ये जर्मनीतून पळाला तो नेदरलँड्समध्ये. पुढे तो 1941 पर्यंत डोर्नच्या हवेलीत राहिला आणि लाकडे फोडत बसला. त्याचे सामान 59 रेल्वे वाघिणींतून आले होते. त्यातले पुष्कळसे आज तिथल्या संग्रहालयात मांडलेले आहे. ते पाहून नातवाने विचारले, ‘हा गादीवर आलाच नसता तर?’

विल्हेल्मचे वडील तिसरे फ्रेडरिक हे व्हिक्टोरिया राणीचे जावई आणि उदारमतवादी. 1887 मध्ये त्यांच्या घशात गाठ आढळली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय होता. इंग्रज डॉक्टर मॉरेल मॅकेन्झी म्हणाला, तसे काही नाही. मार्च 1888 मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले तेव्हा त्यांचा आवाज गेला होता. 99 दिवसांत ते वारले. मग 29 वर्षांचा विल्हेल्म आला. 1890 मध्ये चॅन्सलर बिस्मार्क पदावरून गेला, त्याच वर्षी रशियाशी असलेला गुप्त तह जर्मनीने संपू दिला, 1894 मध्ये रशिया फ्रान्सला मिळाला, आणि 1898 पासून जर्मनीने आरमार वाढवून इंग्लंडला डिवचले. इथे गोळी, बॉम्ब, काही लागत नाही. फक्त मॅकेन्झीचे निदान खरे ठरू द्यायचे. फ्रेडरिक खरेच किती बदल करू शकले असते, यावर वाद आहे. पण वाद आहे म्हणूनच खेळायला जागा आहे.

तेव्हा ठरले: फाटा 1887 चा, डाव मार्च 1890 पासून. पोलिश मैत्रिणीने ऑस्ट्रिया घेतला, कारण 1895 मध्ये तिथे काझिमिएझ बादेनी हा पोलिश गृहस्थ खरोखरच पंतप्रधान झाला होता. तिला तो आधीच आणायचा आहे. तुर्की मित्रही राजी आहे, कारण अनातोलियातल्या रेल्वेला 1888 मध्येच जर्मन बँकेचे भांडवल मिळाले आहे.

रशिया मात्र कुणी घेईना. बाबांनी तो घ्यावा, अशी सर्वांची विनंती आहे. भिलाईचा कारखाना रशियाने, राउरकेला जर्मनांनी आणि दुर्गापूर इंग्रजांनी उभारले, आणि तिघांनी भारतात येऊन पोलादच काढले. बाबांइतका या तिन्ही सत्तांचा अनुभव वर्गात कुणाला नाही. पहिले काम अवघड आहे. बिस्मार्कला रशियाशी तह हवा आहे, पण फ्रेडरिकचा ओढा इंग्लंडकडे आहे. तेव्हा जूनमध्ये तहाची मुदत संपायच्या आत बर्लिनला असा खलिता गेला पाहिजे की तह चालू राहील. रविवारी दुपारी इथे तीन म्हणजे जुनवानीत संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळी फोन जवळ ठेवावा आणि नातवाच्या इंग्लंडवर काडीचाही विश्वास ठेवू नये.

कळावे,
सूनबाई