चौदा दिवसांची मुदत

हॉटेलच्या भिंती आपल्याशी भरपूर बोलतात. 'उधारी बंद आहे.' 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत.' 'सामान आपल्या जबाबदारीवर सांभाळावे.' गल्ल्यामागच्या तसबिरीआडून चौदा अंकी परवाना क्रमांकही डोकावत असतो. त्या मुक्या होतात एकाच बाबतीत : अन्न सुरक्षा अधिकारी शेवटचा कधी येऊन गेला आणि भटारखान्यात त्याला काय दिसलं.

आणि तेच योग्य आहे. गिऱ्हाईक जेवायला येतं, वाचायला नाही. तपासणीचा अहवाल ही अधिकारी आणि मालक यांच्यातली खाजगी बाब. ज्याच्या पोटात ते अन्न जाणार, त्या तिऱ्हाइताने मध्ये नाक का खुपसावं?

न्यूयॉर्ककरांना ही रीतभात नाही. तिथं २०१० पासून दोषांचे गुण मोजून हॉटेलांना श्रेणी देतात. १३ गुणांपर्यंत 'ए', २७ पर्यंत 'बी', त्यापुढे 'सी'. ते अक्षर दर्शनी भागात, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असं लावायचं. मालकाच्या अब्रूची काही चाड? आपल्याकडे दहावीत नापास झालेल्याचं नावसुद्धा शाळा फळ्यावर लिहीत नाही.

आपल्याकडे गुणदान नाही असं मात्र नव्हे. 'एफएसएसएआय' या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छता मानांकन योजना आहे आणि तिच्यात पाचपर्यंत हसरे चेहरे मिळतात. योजना ऐच्छिक. परीक्षेला बसायचं की नाही हे परीक्षार्थीने ठरवायचं आणि तपासणाऱ्या संस्थेची फीही त्यानेच भरायची. एवढा खर्च करून एकच चेहरा पदरात पडला, तर तो कौतुकाने दारावर लावणारा मालक शोधून काढणाऱ्यास आमच्यातर्फे एक प्लेट मिसळ.

कायदाही मोठा सुसंस्कृत. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम ३२ सांगतं, की नियम पाळले जात नसतील तर आधी सुधारणा नोटीस द्यावी आणि सुधारण्यासाठी किमान १४ दिवसांची मुदत असावी. बरोबरच आहे. झुरळांनाही बाडबिस्तरा आवरायला वेळ लागतो. त्या चौदा दिवसांत टेबलावर बसलेल्याला कुणी नोटीस देत नाही. त्याला जे कळायचं ते पोटातूनच कळतं.

तरीही यंत्रणेला सुस्त म्हणू नये. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात डाळ विटलेली निघाली म्हणून आमदार संजय गायकवाड यांनी कँटीनच्या कर्मचाऱ्याला ठोसे लगावले. पाठोपाठ अन्न व औषध प्रशासनाचं पथक पोहोचलं, नमुने घेतले गेले, परवाना निलंबित झाला. अर्ज नाही, पोचपावती नाही, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' नाही. मार खाल्ला तो ताट वाढणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाने, आणि गुन्हा करणारी ठरली डाळ.

सामान्य माणसाने हा प्रयोग करू नये. त्याच्यासाठी पथकाऐवजी पोलीस येतील. म्हणून सरकारला एक सूचना. अहवाल दाराला लावणं जड जात असेल, तर प्रत्येक हॉटेलात रोज एका आमदाराची जेवणाची सोय करावी. विधानसभेत २८८ आहेत, परिषदेत ७८. हॉटेलं त्याहून किंचित जास्त असल्याने पाळ्या लावाव्या लागतील. त्यांनी डाळ चाखायची, हात आवरायचा आणि फक्त एक फोन करायचा. वेगळं मानधन नको. भत्ता चालू आहेच.