क्रीडाशिक्षक : प्रकृती, प्रवृत्ती आणि परतफेड

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत आढळणारा क्रीडाशिक्षक, ज्याला विद्यार्थी ‘पी. टी.चे सर’ आणि पालक ‘ते खेळाचे मास्तर’ म्हणून ओळखतात, हा शिक्षकवर्गात मोडतो की शाळेच्या जंगम मालमत्तेत, याबाबत मुख्याध्यापकांमध्ये आजवर एकवाक्यता झालेली नाही. वेळापत्रकात त्याच्या नावावर छापलेले तास हे प्रत्यक्षात गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांचे राखीव कुरण असते, कारण त्यांचा ‘पोर्शन’, म्हणजे परीक्षेपूर्वी संपवावयाचा अभ्यासक्रम, संपण्याचे नाव घेत नाही. उलट प्रभातफेरी, ध्वजवंदन, माइकची खरखर, नळापाशी होणारी मारामारी आणि वर्गात शिरलेले कुत्रे हे विषय कोणताही लेखी आदेश न निघता त्याच्याकडे वर्ग झालेले असतात. पदवी त्यानेही रीतसर घेतलेली असते; मात्र शिक्षकांच्या खोलीत त्याला विचारला जाणारा एकमेव शास्त्रीय प्रश्न म्हणजे कंबर धरली तर काय करावे.

बाह्य लक्षणांवरून ही जात चटकन ओळखता येते. गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, अंगावर पाठीवरची अक्षरे अर्धी उडालेला ट्रॅकसूट, आणि बोटांना कायम लागलेली फक्की, म्हणजे मैदानावर रेषा आखण्यासाठी वापरली जाणारी पांढरी भुकटी, ही तीन चिन्हे पुरेशी आहेत. आवाजाचा स्वर एकच, वरचा. घरात मीठ मागतानाही तो उतरत नसल्याचे शेजारी सांगतात.

या प्राण्याची खरी शाळा सायंकाळी पाचनंतर, इतर शिक्षकांच्या मोटारसायकली फाटकाबाहेर पडल्यावर भरते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ती बहुधा खो-खोची असते, कारण या खेळाला दोन खांब, मोकळी जमीन आणि पोरे यांपलीकडे काही लागत नाही. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, आणि पलीकडे जायचे तर बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ देत आपली जागा सोडावी लागते. संयुक्त कुटुंबात वाढलेल्या मुलांना हे नियम लवकर समजतात, असे निरीक्षण नोंदवण्यास हरकत नाही.

क्रीडाशिक्षकाचे वेगळेपण त्याच्या नजरेत आहे. मधल्या सुट्टीत कुंपणावरून उडी मारून पळणारा मुलगा इतर शिक्षकांना शिस्तभंगाचे प्रकरण वाटतो. क्रीडाशिक्षक त्याला कॉलरला धरून परत आणतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो असा, की उडी कोणत्या पायावर घेतली. प्रगतिपुस्तकात लाल शाईखेरीज काही न मिळालेल्या त्या मुलाला आपल्याबद्दल कोणी माहिती विचारत आहे, हा अनुभव नवा असतो, आणि पुढे जे घडते त्याचे मूळ बहुधा येथेच सापडते. मग त्याला ‘सूर’ शिकवला जातो, म्हणजे निसटत्या गड्याला टिपण्यासाठी छातीवर आडवे झोकून देणे. जमीन आधी खणून मऊ केली जाते, हनुवटी वर, तळवे पुढे, आणि कोपर फुटल्यास त्यावर माती लावू नये, एवढीच करुणा दाखवली जाते.

मुलींच्या बाबतीत सूर आधी घरच्यांच्या गळी उतरवावा लागतो. त्यासाठी क्रीडाशिक्षक विमा एजंटाच्या चिकाटीने तीन-तीन वेळा चहा पितो आणि खेळाविषयी चकार शब्द न काढता दहावीच्या सवलतीच्या गुणांविषयी व शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाविषयी बोलत राहतो. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून त्याच्या चहाच्या फेऱ्या कमी झाल्या असाव्यात.

कौतुक हा शब्द मात्र त्याच्या कोशात नाही. या शाखेचे आदिपुरुष म्हणता येतील असे शिवाजी पार्कचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. फलंदाजाला बाद करणाऱ्याला ते मिळे, आणि कोणीच बाद करू शकले नाही तर ते फलंदाजाचे. सचिन तेंडुलकर यांनी १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावरील निरोपाच्या भाषणात सांगितले, की २९ वर्षांत सरांनी ‘छान खेळलास’ असे एकदाही म्हटले नाही. आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला होता. शिष्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूचे नाव या पुरस्काराला का द्यावे, हे एक कोडेच आहे, कारण सामान्य क्रीडाशिक्षकाची गुरुदक्षिणा अंगठ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. तो फक्त नखे कापून यायला सांगतो.

अशा माणसाचे ऋण फेडण्याचे प्रयत्न म्हणूनच फसतात. निवृत्तीच्या वर्षी माजी विद्यार्थी, ज्यांत एखादा फौजदार, एखादी तलाठी, दोन-तीन सैनिक आणि पिठाची गिरणी चालवणारा संघनायक असतो, शाळेच्या मैदानात मांडव घालून शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरवतात. भाषणांत ‘सर नसते तर’ हे वाक्य प्रत्येकजण सुरू करतो आणि कोणालाच ते पुरे करता येत नाही, कारण उत्तरार्ध काय असता हे गावाला ठाऊक असते. सत्कारमूर्तीचे लक्ष भाषणाकडे नसते. फौजदार पाया पडायला वाकतो तेव्हा ‘गुडघे का वाकले? पोट कमी कर’ एवढाच आशीर्वाद त्याला मिळतो, आणि उत्तरादाखल बोलण्याची विनंती होताच सर ध्वनिक्षेपक दूर सारून, त्याची त्यांना कधी गरज पडलेली नसल्यामुळे, एकच विचारणा करतात : मांडवाचे खांब पाटीवर रोवण्याची अक्कल कोणाची?

अध्यक्षीय समारोप त्यामुळे राहून जातो. मांडव उतरतो, आणि एरवी वरिष्ठांचा तोंडी आदेश लेखी मागणारे हे सारे जबाबदार नागरिक इस्त्रीच्या बाह्या दुमडून खड्ड्यांत माती भरू लागतात. शाल खांद्यावर तशीच असलेले सर मागे उभे राहून सांगत असतात, की आधी पाणी मारा, मग रोलर फिरवा, आणि गिरणीवाल्याने मध्ये मध्ये बोलू नये.