पेन डब्यात आहे का?

कर्वे रस्त्यावरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आमचे साडू 'वहीवाले काका' म्हणून ओळखले जातात. ते काचेच्या दारातून आत शिरले की काउंटरवरच्या तीन पोरांपैकी एक चहाला जातो, दुसरा गोदामात जातो आणि तिसरा, जो नुकताच कामाला लागलेला असतो, तो "या सर, काय दाखवू?" असं म्हणून बसतो. असे नुकतेच लागलेले आजवर पाच झाले. साडू बगलेतली दोनशेपानी वही काउंटरवर ठेवतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "पेन डब्यात आहे का?"

हे टॅब घेण्याचं प्रकरण सुरू झालं २०२०च्या टाळेबंदीत. त्यांची लेक, म्हणजे आमची भाची, तेव्हा नववीत होती. शाळा मोबाइलवर भरायची आणि गणिताच्या तासाला ही बया त्याच मोबाइलवर बोटाने गणिताच्या बाईंचं चित्र काढत बसायची. एकदा साडूंनी ते पाहिलं. ओरडायचं सोडून ते म्हणाले, "बोटाने एवढं येतंय, तर पेनाने किती येईल!" बाप म्हणून त्यांच्या तोंडून इतकं चांगलं वाक्य आधी कधी निघालं नव्हतं. त्याच रात्री त्यांनी वही घातली.

त्या वर्षी सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस ६ लाइट आला होता. किंमत मधली आणि पेन डब्यातच. साडूंनी पहिल्या पानावर त्याचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा म्हणजे पक्कं. पक्कं झालं की वस्तू घरी आणायची, हा झाला तुमच्याआमच्यासारख्या उतावळ्यांचा हिशोब. साडूंच्या लेखी पक्कं झालं याचा अर्थ, आता निवांतपणे बाकीचे बघायला हरकत नाही. "भावजींनी लग्न ठरवतानाही असंच केलं असतं, तर ताई आज दुसऱ्या कुणाच्या घरी सुखात असती," असं आमची ही म्हणते. पण ते लग्न त्यांच्या वडिलांनी ठरवलं होतं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. पेन या विषयातलं साडूंचं ज्ञान अस्सल आहे. फुटपाथवर शे-दीडशे रुपयांना रबरी टोकाचं जे पेन मिळतं, त्याला ते पेन म्हणतच नाहीत. "ते काठीला लावलेलं बोट आहे. टॅबला वाटतं, कुणीतरी बोटच टेकवलंय." हे शब्दशः खरं आहे. त्या रबराला दाब कळत नाही, जाड-बारीक कळत नाही, आणि लिहिताना तळहात काचेला टेकला तर टॅबला बोट कुठलं आणि तळहात कुठला तेही कळत नाही. खऱ्या पेनाच्या दोन जाती. एका जातीत बॅटरी असते. ॲपल, शाओमी, वनप्लस या सगळ्यांची पेनं तसली. दुसरी जात १९८३ साली निघालेल्या वॅकॉम या जपानी कंपनीच्या घराण्यातली. सॅमसंगच्या टॅबचं पेन या घराण्यातलं. काचेखाली तारांचं जाळं, त्याचं चुंबकीय क्षेत्र आणि पेनाच्या पोटात एक वेटोळं. पेन काचेजवळ आलं की लिहिण्यापुरती वीज त्याला तिथूनच मिळते. सेल नाही, चार्जिंग नाही. बॅटरीवाल्या पेनावर साडूंचा विशेष राग. "पेनाला चार्जिंग? उद्या खोडरबराला रिचार्ज मागाल!"

स्टीव्ह जॉब्सने २००७ साली आयफोन दाखवताना स्टायलसची भर मंचावरून टर उडवली होती आणि २०१५ साली त्याच कंपनीने पेन्सिल काढली, हा किस्सा साडूंनी माझ्या देखत तीन लग्नांत आणि एका बाराव्याला सांगितला आहे. ती पहिली पेन्सिल चार्ज करायची तर टॅबच्या बुडाला खुपसून ठेवावी लागे. इथे साडू थर्मामीटर काखेत धरल्याचा अभिनय करतात. बाराव्याला त्यांनी अभिनय टाळला.

दुकानातल्या टॅबवर त्यांची परीक्षा ठरलेली. कोऱ्या पानावर आधी 'श्री'. मग 'क्षत्रिय', 'ज्ञानेश्वरी', 'वाळवंट'. मग खरा पेपर: एक लांब शिरोरेघ, मुंगीच्या चालीने. "भराभर लिहिलंत तर कुठलाही टॅब पास होतो. हळू ओढा. आणि जरा तिरकी ओढा." हलक्या पेनाची हळू ओढलेली तिरकी रेघ खरोखर थरथरते. हात स्थिर असतो, रेघेला कापरं भरतं. पोरं म्हणतात, "काका, इंग्रजीत लिहून बघा ना." त्यावर साडू त्यांना मोडीची गोष्ट सांगतात. मोडी लिहिताना आधी पानभर रेघ आखून घेत आणि मग अक्षरं तिला टांगत जात. "जिची रेघच सरळ येत नाही, ती वस्तू महाराष्ट्रात विकता कशाला?" या मुद्द्यावर कुठल्याच कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही.

दाबाचे ४०९६ टप्पे ओळखणारं पेन, असं डब्यावर छापलेलं असतं. मला माझ्या हाताचे फक्त तीन टप्पे माहीत आहेत: वाणसामानाची यादी, सही, आणि कार्बन कागद घातलेला अर्ज. उरलेल्या ४०९३ टप्प्यांचं काय करायचं, असं मी विचारलं. साडू म्हणाले, "ते चित्रकाराला लागतात." घरातली चित्रकार तेव्हा कॅम्लिनच्या पेन्सिलीने इंटरमिजिएटची तयारी करत होती.

वहीत प्रत्येक टॅबला एक पान आणि पानाच्या तळाला 'खरी किंमत'. ही बेरीज शिकण्यासारखी आहे. टॅब, अधिक पेन, अधिक कव्हर, अधिक काचेवरची फिल्म, अधिक निबा. जाहिरातीत पंचवीस हजारांचा वाटणारा टॅब या पानावर तेहतिसाला जातो. पेन वेगळं विकणाऱ्या कंपनीला साडू 'लिमिटेड थाळी' म्हणतात. भाजी बघून आत जायचं आणि पोळीचे पैसे वेगळे. फिल्ममध्येही खोच आहे. कागदासारखी खरखरीत फिल्म लावली तर लिहायला मजा येते, पण चित्र धुरकट दिसतं आणि निब झिजते. गुळगुळीत ठेवली तर पेन बर्फावर चालल्यासारखं घसरतं. या एका फिल्मवर साडूंचा २०२१चा अख्खा पावसाळा गेला.

अशीच वर्षं गेली. ऑक्टोबर २०२२मध्ये दहाव्या पिढीचा आयपॅड आला. साडू जवळजवळ वितळले होते. मग लक्षात आलं की टॅबला टाइप-सीचं भोक आहे आणि त्याला चालणारी पेन्सिल जुन्या लायटनिंगच्या टोकाची, मध्ये एक बोंडूक लावायचं. "गाय एका गोठ्यात आणि दावं दुसऱ्यात!" पुढच्या वर्षी टाइप-सीची पेन्सिल आली, तर तिला दाबच कळेना. त्याच २०२३च्या जूनमध्ये शाओमीचा पॅड ६ आला. पडदा सेकंदाला १४४ वेळा ताजा होणारा, म्हणजे निबेमागून शाई धावत येताना दिसत नाही. पण लिमिटेड थाळी. ऑक्टोबरमध्ये सॅमसंगचा एस ९ एफई आला. पेन डब्यात, पडदा ९०चा, वर टॅब आणि पेन दोन्ही पाण्यात भिजले तरी चालणारे. पावसात उभं राहून कोण चित्रं काढणार, याचा विचार करण्यात दिवाळी उलटली आणि सवलत संपली. ज्याला पहिल्या पानावर दोन रेघा मिळाल्या होत्या, त्या एस ६ लाइटच्याही २०२२ आणि २०२४मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या. साडूंनी प्रत्येक वेळी एकेक रेघ वाढवली.

२०२५च्या सप्टेंबरात जीएसटी कमी होणार म्हणून ते महिनाभर श्वास रोखून होते. २२ तारखेला मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८वर आले. टॅब आधीपासूनच १८वर होता, तो तिथेच राहिला. "बघ, थांबलो ते बरं झालं," ते मला म्हणाले. काय बरं झालं, ते मी विचारलं नाही.

त्यांच्या वडिलांनी बजाज चेतक नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. तेव्हा तशी सगळ्यांनाच पाहावी लागे. नंबर लागला की पेढे वाटत. मला कधी कधी वाटतं, त्या घराला वाट पाहायचं वळणच पडून गेलंय. वडिलांना कारखान्याने थांबवलं. आता थांबवणारा कारखाना उरला नाही, तर हे काम साडूंनी स्वतःच अंगावर घेतलंय.

आणि गंमत अशी की दुसऱ्यासाठी निवडायचा असला की हाच माणूस दहा मिनिटांत निकाल देतो. मागच्या दसऱ्याला मी त्यांच्याबरोबर त्या दुकानात होतो. एक बाई मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी टॅब बघत गोंधळल्या होत्या. साडू वही घेऊन पुढे सरसावले. "ताई, फक्त नोट्स काढायच्या? पीडीएफवर खुणा? मग हा घ्या, पेन डब्यात आहे. स्टोरेज १२८च्या खाली नको, बरंचसं सिस्टिमच खाते. कार्ड कुठल्या बँकेचं?" बाईंनी टॅब घेतला. पाठोपाठ एका आजोबांना दुसरा घेऊन दिला. बाईंनी जाताना मॅनेजरला सांगितलं, "तुमचा माणूस फार चांगला आहे हो." मॅनेजरने मान डोलावली. गोदामातून पोरं बाहेर आली. त्या दिवशी साडूंना चहा मिळाला.

मी स्वतः त्यांच्याच सल्ल्याने एस ६ लाइट घेतला. मुद्रितशोधनाची कामं करतो, पानांवर लाल खुणा करायला उत्तम चाललाय. साडू रविवारी आमच्याकडे येतात, पोहे खातात आणि त्यावर तासभर लिहीत बसतात. त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे की मी ती पानं पुसत नाही.

एवढ्या सगळ्या वहीत एक रकाना मात्र कोरा होता. भाचीने एकदा विचारलं होतं, "बाबा, प्रोक्रिएट चालेल का त्यावर?" चित्रकारांचं ते आवडतं सॉफ्टवेअर फक्त आयपॅडवर चालतं. अँड्रॉइडला क्रिता आहे, फुकट आहे, पण हात नव्याने बसवावा लागतो. चित्रांसाठी टॅब घ्यायचा तर हा प्रश्न पहिला, असं माझं मत. साडूंनी त्यापुढे 'नंतर बघू' असं लिहून ठेवलं होतं.

भाची आता उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळी अंकासाठी काढलेल्या चित्रांचे पैसे आले, त्यातून तिने वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून तिचा जुना टॅब घेतला. एस ६ लाइटच, २०२०चा. तिने तो बाबांच्या पुढ्यात ठेवला. साडूंनी पेन उचललं, 'श्री' लिहिलं, शिरोरेघ ओढली. रेघ सरळ आली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बिल घेतलंस का?"

ताई आता कुणी विचारलं की सांगते, आमच्याकडे टॅब आहे. साडू लगेच दुरुस्ती करतात, "तो तात्पुरता आहे. घ्यायचा तो घ्यायचाच आहे."

तेव्हा तुम्हाला टॅब घ्यायचा असेल, तर माझ्याकडून त्यांचा नंबर घ्या. फोन रात्री नऊनंतर करा, तासभर हाताशी ठेवा आणि बँकेचं कार्ड समोर असू द्या. दसरा-दिवाळीच्या पंधरवड्यात मात्र करू नका. तेव्हा ते स्वतःसाठी बघत असतात.