अण्णांचा कट्टा

कासव पाठीवर घर घेऊन हिंडतं, ही बालवाडीतली शिकवण ज्यांनी फार मनावर घेतली, तीच माणसं पुढे रुपयाएवढं पिल्लू आणि काचेचं फूटभर भांडं घेऊन घरी येतात. घर त्याचं त्याच्यापाशी आहेच, आपण फक्त पाणी घालायचं, असा त्यांचा हिशेब. पण कवच म्हणजे घर नव्हे. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा त्या कवचातच जोडलेले असतात. बरगड्यांना घर म्हणायचं ठरवलं, तर आपल्यापैकी कुणालाच गृहकर्ज काढावं लागलं नसतं. कासवाला राहायला वेगळी जागा लागते आणि ती आपल्या अंदाजापेक्षा बरीच मोठी लागते.

आमच्याकडचे अण्णा मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले. म्हणजे जन्माने नव्हे, कुळाने. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेली ही जात बाजारात ‘रेड इअर्ड स्लायडर’ म्हणून मिळते. आपल्या नद्यातळ्यांतल्या देशी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती घरात ठेवायची नसतात. त्यामुळे हौशी घरांतून हा परदेशी पाहुणाच दिसतो. अण्णांना भाच्यानं आणलं आणि नाव आईनं ठेवलं. मान लांब करून, डोळे अर्धवट मिटून, सगळ्यांचं ऐकायचं आणि स्वतःचं मत कुणाला कळू द्यायचं नाही, ही लकब तिला ओळखीची वाटली असावी.

घर सजवायचं म्हटलं की दुकानदाराच्या अंगात येतं. निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचा माड, बुडबुडे सोडणारा खजिना. हे सगळं बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. कासव त्यातले खडे खाऊन बघतं आणि ते पोटात अडकतात. त्याच्या गरजा रुक्ष आहेत. कवचाच्या दर इंचामागे साधारण चाळीस लिटर पाणी, असा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असतो. पिल्लू नाण्याएवढं असतं तोवर हे गणित गोड वाटतं. पण याची मादी वाढून दहा इंचांच्या पुढेही जाते. म्हणजे चारशे लिटर, म्हणजेच चारशे किलो, आणि तेही गॅलरीत. आमच्या सोसायटीत कुंडी हलवायची तरी सभा भरते. तिथे हा आकडा आम्ही मोठ्यानं उच्चारलेला नाही. सध्या तळमजल्यावरच्या मावसभावाच्या अंगणात, प्लॅस्टिकची पाण्याची टाकी आडवी कापून अण्णांची सोय झाली आहे. जागा त्याची, पाणी आमचं, कौतुक सगळ्यांचं.

पण नुसत्या पाण्यानं भागत नाही. या घराचा जीव आहे तो कट्टा. पाण्यातून सहज चढता येईल असा उतार, वर पूर्ण कोरडं बसता येईल एवढी फळी, आणि तिच्यावर ऊन. ते काचेतून आलेलं चालत नाही, कारण ज्या किरणांमुळे कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काच अडवून धरते. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. ऊन नसलेल्या घरांत त्यासाठी यूव्हीबीचा खास दिवा लावतात. अण्णांना सकाळचं कोवळं ऊन फुकट मिळतं. ते फळीवर चढतात, मान ताणतात, मागचे दोन्ही पाय सरळ मागे सोडतात आणि बोटं फाकवून तळवेसुद्धा वाळवतात. ऊन चढलं की धप्पकन पाण्यात. थोड्या वेळानं पुन्हा वर. कधीतरी कवचावरची जुनी, पारदर्शक चकती सुटून पाण्यावर तरंगते. भाचा ती वहीत चिकटवतो.

हे पाहिलं की वाटतं, घर म्हणजे भिंती आणि फर्निचर नव्हे. कंटाळा आला, गार वाटलं किंवा उकडलं, की कुणाला न विचारता उठून दुसरीकडे जाता आलं पाहिजे. कासवाचं रक्त गरम-गार होतं ते बाहेरच्या हवेनुसार. म्हणून जागा बदलणं हेच त्याचं अर्धं आरोग्य. आपल्या वन बीएचकेत रुसून जायलासुद्धा दुसरी खोली नसते. अण्णांकडे ऊन आहे, सावली आहे, खोल पाणी आहे. त्यांना रुसण्यासाठी तीन ठिकाणं आहेत.

या सुखाची किंमत फिल्टर साफ करणाऱ्याला ठाऊक. कासव खातं पाण्यात आणि उरलेले सगळे विधीही तिथेच उरकतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नसतो, टाकीतल्याच पाण्यात हलके पिळायचा. घाणीतला अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू त्यात राहतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. पिळणाऱ्यानं मग हात साबणानं धुवायचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पिल्लं मुलांच्या तोंडात जातात म्हणून अमेरिकेनं चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ मध्ये बंदी घातली. कासवाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत येणार नाहीत, असं आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आईचं सोवळं आणि जंतुशास्त्र यांचं एकमत झालेला आमच्या घरातला हा एकमेव विषय.

संतांच्या वाणीतली कासवी पिलांना नुसत्या नजरेनं पोसते. खरी कासवी अंडी वाळूत पुरते आणि मागे वळून बघत नाही. तरीही नजरेनं पोट भरण्याची विद्या खोटी नाही. अण्णा टाकीच्या कडेला येऊन बघत राहतात, आणि ‘आत्ताच खाल्लंय त्यांनी’ असं एकमेकांना बजावणारी माणसं एकेक करून जाऊन पालकाचं पान टाकून येतात. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेसाचा तुकडाही पाण्यात तरंगत असतो; कॅल्शियमची गरज भासली की अण्णा त्याला चावा घेतात.

बरं, हा संसार चार वर्षांचा नव्हे. नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळलेले लोक ते देवळाच्या तळ्यात सोडून पुण्य मिळवतात, आणि तिथल्या देशी कासवांच्या ताटात वाटेकरी बसतो. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत याचं नाव आहे ते उगाच नाही. तेव्हा अण्णा कुठे जाणार नाहीत, आणि आमच्यानंतर ते कुणाकडे, हा प्रश्न आत्तापासूनच निघतो. आमच्या घराण्यात वाटणीवरून बोलणं सोडलेली माणसं आहेत. पण या एका इस्टेटीपुढे सगळे भाऊ राम आणि भरत होतात. ‘तूच ठेव.’ ‘छे छे, तुझाच हक्क पहिला.’